श्वासातल्या तंतूंची मोजदाद



सकाळच्या वेळी कौलारू घरात एखाद्या फुटक्या कौलातून उन्हाचा कवडसा खाली उतरतो आणि त्या उजेडात धुळीचे कण नाचताना दिसतात. लहानपणी आपण सर्वांनीच ते मुठीत पकडायचा खेळ खेळला आहे. आपल्या जुन्या मापांच्या कोष्टकात या कणाला त्रसरेणू म्हटले आहे आणि मोजमापाची सुरुवात तिथूनच केली आहे. डोळ्यांना दिसणारी सर्वांत लहान वस्तू ती. तिच्याखाली मोजायचे तरी काय, असा तो विचार. आज मी ज्या धुळीविषयी बोलणार आहे ती या त्रसरेणूच्याही खालची आहे. ती कवडशातही नीट दिसत नाही. तिला वास नाही, ती घशाला झोंबत नाही, तिने शिंक येत नाही. पण ती मोजता येते, आणि मोजली नाही तर काय होते, तेही मी जवळून पाहिले आहे. ही धूळ ॲस्बेस्टॉसची.

मी डॉक्टर नव्हे, इंजिनियरही नव्हे. कॉलेजात गणित शिकवतो. या विषयाकडे कसा वळलो ते आधी सांगतो.

माझे एक मामा ऐन तारुण्यात संगमेश्वराकडून मुंबईला आले. घाटकोपरच्या एका चाळीत राहत आणि एका ठेकेदाराकडे रोजंदारीवर लॅगिंगचे काम करीत. लॅगिंग म्हणजे बॉयलरला आणि वाफेच्या नळांना बाहेरून लपेटणी करणे, म्हणजे आतली उष्णता आत राहते. पोत्यातली पांढरी पूड पिंपात ओतायची, पाणी घालून हाताने कालवायची आणि नळांवर थापायची. कुठे जुनी लपेटणी असेल तर ती हातोडीने ठोकून काढायची. संध्याकाळी मामा घरी आले की पिठाच्या गिरणीवाल्यासारखे दिसत. मामी ते कपडे गॅलरीत झटकी आणि मग धुवी. पुढे पन्नाशी उलटल्यावर मामांना दम लागू लागला. क्षय समजून दोनदा औषधे झाली, गुण आला नाही. अखेर एका डॉक्टरांनी विचारले, "तुम्ही काम काय करीत होता?" हा प्रश्न तोवर कुणी विचारलाच नव्हता.

शेवटच्या आजारात मामा एकदा मला म्हणाले, "तू हिशेबाचा मास्तर ना? मग सांग, किती गेली असेल रे ही धूळ माझ्या छातीत?" मला उत्तर देता आले नाही. त्यांच्या पंचवीस वर्षांच्या कामात त्यांच्याभोवतीची हवा कुणी एकदाही मोजली नव्हती. आकडाच नव्हता, तर हिशेब कसला मांडणार?

तर आता हा ॲस्बेस्टॉस म्हणजे काय ते पाहू. तो खाणीतून निघणारा दगडच आहे, पण विलक्षण दगड आहे. कापसासारखा पिंजता येतो, त्याचे सूत काढता येते, दोर वळता येतो, आणि तो जळत नाही. पांढरा, निळा आणि तपकिरी हे त्याचे उद्योगांत वापरले गेलेले मुख्य प्रकार. लाकूड फोडावे तशी त्याची उभी चिरफाळी होते. एका तंतूचे दोन, दोनाचे चार, असे होत होत शेवटी नुसत्या सूक्ष्मदर्शकालाही न दिसणारे तंतू उरतात. तो स्वस्त, टिकाऊ आणि आगीला दाद न देणारा, म्हणून विसाव्या शतकात त्याचा फार बोलबाला झाला. सिमेंटचे पत्रे, पाण्याचे नळ, गाड्यांच्या ब्रेकची लायनिंगे, भट्टीवाल्यांचे हातमोजे, अशा किती तरी वस्तूंत तो गेला.

आपल्या मुंबईच्या उपनगरांत या धंद्याची दोन मोठी ठाणी होती. मुलुंडला सिमेंटच्या पत्र्यांचा कारखाना होता, तो पुढे एव्हरेस्ट या नावाने ओळखला गेला. घाटकोपरला हिंदुस्थान फेरोडो होता. तिथे ब्रेकची लायनिंगे आणि ॲस्बेस्टॉसच्या इतर वस्तू होत. पुढे त्याचे नाव हिंदुस्थान कॉम्पोझिट्स झाले. या दोन्हींचे मूळ भांडवलदार टर्नर अँड न्यूऑल या ब्रिटिश कंपनीचे. मध्य रेल्वेच्या लोकलने जाणाऱ्या हजारो लोकांना हे कारखाने परिचयाचे होते. किती तरी कोकणी, घाटी कुटुंबांची चूल त्यांच्यावर पेटली, हेही विसरून चालणार नाही.

याच कंपनीच्या मूळ गावी, इंग्लंडातल्या रॉचडेल येथे, नेली कर्शॉ नावाची एक कामगार स्त्री होती. ॲस्बेस्टॉसचे सूत कातण्याच्या खात्यात ती काम करी. १९२४ साली, वयाच्या अवघ्या ३३ व्या वर्षी, ती वारली. तिच्या फुप्फुसांत हे तंतू सापडले आणि वैद्यकाच्या नियतकालिकात तिची नोंद झाली. पुढे १९३० साली मेरवेदर आणि प्राइस या सरकारी निरीक्षकांचा अहवाल आला. त्यांनी तपासलेल्या कामगारांपैकी दर चारांत सुमारे एकाची फुप्फुसे घट्ट होत चालली होती. जितकी वर्षे अधिक आणि जितकी धूळ दाट, तितका रोग अधिक, असेही त्यांना दिसले. मित्रहो, सगळ्या मोजणीचे मूळ या एका वाक्यात आहे. रोग जर धुळीच्या प्रमाणात होत असेल, तर धूळ मोजली पाहिजे.

शरीरात काय घडते तेही थोडक्यात सांगतो. जाड कण नाकातल्या केसांत आणि घशातल्या कफात अडकून बाहेर पडतात. पण हे बारीक, लांबट तंतू हवेबरोबर थेट वायुकोशांपर्यंत जाऊ शकतात. त्यांतले पुष्कळसे उच्छ्वासाबरोबर आणि कफाबरोबर परत येतात, सगळे नाही. जे राहतात ते शरीराला सहजी विरघळवता येत नाहीत. त्यांच्याभोवती व्रण धरतो आणि फुप्फुस नवी हवा घेण्याजोगे लवचीक राहत नाही. हा ॲस्बेस्टॉसिस. याखेरीज फुप्फुसाचा कर्करोग होतो, आणि फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या अस्तराचा मेसोथेलिओमा नावाचा कर्करोगही होतो. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका नुसत्या बेरजेने वाढत नाही, जवळजवळ गुणाकाराने वाढतो. आणि यांपैकी बहुतेक रोग लगेच दिसत नाहीत. वीस, तीस, चाळीस वर्षांनी दिसतात. पेरणी एका पिढीत आणि कापणी दुसऱ्या पिढीत, असला हा प्रकार आहे.

आता मोजतात कसे? आपल्याकडे म्हण आहे, शितावरून भाताची परीक्षा. हे सगळे शास्त्र त्या म्हणीवर उभे आहे. पण शीत कुठले उचलायचे, किती उचलायची आणि कशी दाबून पाहायची, याचे नियम मात्र फार कडक आहेत.

कामगाराच्या कमरपट्ट्याला एक लहानसा बॅटरीवरचा पंप बांधतात. त्यातून एक नळी खांद्यावरून आणून सदऱ्याच्या कॉलरजवळ लावतात. नळीच्या टोकाला एका डबीत रुपयाच्या नाण्याएवढी एक पांढरी चकती असते. ही गाळणी, म्हणजे मेंब्रेन फिल्टर. हिची छिद्रे एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी किंवा त्याहूनही बारीक. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाला मायक्रॉन म्हणतात. आपला केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना करा. पंप ठरलेल्या वेगाने हवा ओढतो, हवा पार जाते, तंतू गाळणीवर राहतात. पंपाचा वेग आधी आणि नंतरही तपासावा लागतो. बरोबर एक कोरी गाळणी ठेवतात, तिच्यातून हवा ओढत नाहीत. तिच्यावरही तंतू निघाले तर दोष हाताळणीचा, हे कळते.

मग प्रयोगशाळेत ती चकती ॲसिटोनच्या वाफेने काचेसारखी पारदर्शक करतात आणि फेज कॉन्ट्रास्ट जातीच्या सूक्ष्मदर्शकाखाली, सुमारे चारशे पट मोठी करून, बघतात. भिंगात एक गोल आखलेला असतो, १०० मायक्रॉन व्यासाचा. चकतीवरच्या निरनिराळ्या जागी तो गोल ठेवायचा आणि आतले तंतू मोजायचे. तंतू कोणता म्हणायचा? जो ५ मायक्रॉनहून लांब, ३ मायक्रॉनहून बारीक आणि ज्याची लांबी रुंदीच्या निदान तिप्पट, तो. बाकीची धूळ मोजणीत धरायची नाही. हे काम डोळ्यांचे आणि चिकाटीचे आहे. एकच चकती दोन जणांनी मोजली तर आकडे थोडे वेगळे येतात, म्हणून मोजणाऱ्यांचीही वरचेवर परीक्षा घ्यावी लागते.

शिक्षक बंधुभगिनींनी हे उदाहरण फळ्यावर मांडून पाहावे. पंप मिनिटाला एक लिटर हवा ओढतो आणि चार तास चालला. म्हणजे २४० लिटर, अर्थात २,४०,००० घनसेंटिमीटर हवा. धूळ धरणारे चकतीचे क्षेत्रफळ ३८५ चौरस मिलिमीटर. आपण १०० गोल तपासले. त्यांचे एकूण क्षेत्रफळ अवघे ०.७८५ चौरस मिलिमीटर. म्हणजे चकतीचा सुमारे ४९० वा भाग आपण पाहिला. त्यात ४० तंतू सापडले, आणि कोरी गाळणी कोरीच निघाली. तर पूर्ण चकतीवर ४० गुणिले ४९०, म्हणजे १९,६०० तंतू. त्यांना २,४०,००० ने भागा. उत्तर आले सुमारे ०.०८. म्हणजे एका घनसेंटिमीटर हवेत शून्य दशांश शून्य आठ तंतू.

विद्यार्थी म्हणेल, "सर, हे तर काहीच नाही!" इथेच खरा धडा आहे. अंगमेहनत करणारा माणूस आठ तासांच्या पाळीत साधारण १० घनमीटर हवा आत घेतो. १० घनमीटर म्हणजे एक कोटी घनसेंटिमीटर. तेव्हा ०.०८ चा अर्थ झाला, एका पाळीत आठ लाख तंतू श्वासात. आणि घनसेंटिमीटरला १ तंतू असेल, तर एका दिवसात एक कोटी. २०११ च्या जनगणनेत सगळ्या मुंबईची वस्ती सव्वा कोटीच्या आसपास भरली होती. म्हणजे मुंबईत जितकी माणसे, जवळजवळ तितके तंतू एका माणसाच्या नाकातोंडातून एका पाळीत जाणार. कागदावरचा "एक" हा आकडा असा फसवा असतो.

मग मर्यादा किती ठेवावी? १९६८ साली ब्रिटनमधल्या तज्ज्ञांनी २ तंतू सुचवले. पन्नास वर्षे अशा हवेत काम केले तरी शंभरांत एकाहून अधिकांना रोगाची प्राथमिक लक्षणे दिसणार नाहीत, असा त्यांचा अंदाज होता. पुढे तो अंदाज फार आशावादी ठरला. आपल्या कारखाना कायद्याच्या परिशिष्टात पांढऱ्या ॲस्बेस्टॉससाठी १ तंतू अशी मर्यादा लिहिली गेली. अमेरिकेने १९९४ साली ती ०.१ वर आणली. युरोपीय संघाने २०२३ साली ०.०१ वर नेण्याचा निर्णय घेतला. म्हणजे दोनशेव्या भागापर्यंत उतरण! माणसाची फुप्फुसे काही या काळात बदलली नाहीत, बदलले ते आपले ज्ञान. जागतिक आरोग्य संघटनेने तर स्पष्ट सांगितले आहे की, कर्करोगाच्या दृष्टीने ज्याच्याखाली भीतीच नाही असे प्रमाण सापडलेले नाही. तेव्हा मर्यादा म्हणजे अभयपत्र नव्हे. "मोजले, मर्यादेच्या आत आहे" याचा अर्थ धोका कमी आहे एवढाच. धोका नाही असा नव्हे.

मोजणीच्याही मर्यादा आहेत. मघाचा सूक्ष्मदर्शक फार बारीक तंतू दाखवू शकत नाही, आणि दिसलेला तंतू ॲस्बेस्टॉसचा की दुसऱ्या कशाचा, हेही सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो, आणि ते काम खर्चाचे. दुसरे असे की, पंप कुठे लावला त्यावर सगळे अवलंबून. साहेबांच्या केबिनबाहेर भिंतीवर लावला तर एक आकडा येईल, पोते फाडून पूड ओतणाऱ्याच्या कॉलरला लावला तर दुसरा. श्वास भिंत घेत नाही, माणूस घेतो. म्हणून नाकातोंडापासून वीतभर अंतरात गाळणी हवी, असा नियमच आहे. आणि रोजचे काम चालू असताना मोजणी व्हावी. पाहुणे येणार म्हणून सडासंमार्जन करून मग मोजलेली हवा खरी नव्हे.

आपल्या देशात या बाबतीत मोठी गोष्ट घडली ती २७ जानेवारी १९९५ रोजी. अहमदाबादच्या ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राने केलेल्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे त्यात म्हटले. मेंब्रेन फिल्टरची चाचणी सर्व कारखान्यांनी अवलंबावी, आणि प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरीला लागल्यापासून ४० वर्षे किंवा नोकरी सुटल्यापासून १५ वर्षे, यांतला जो काळ नंतर संपेल तोपर्यंत जपावी, असा आदेश दिला. ही चाळीस वर्षे न्यायालयाने उगाच सांगितली नाहीत. रोग उशिरा येतो, म्हणून कागदही तितका टिकला पाहिजे.

पुढे २००५ साली घाटकोपरच्या हिंदुस्थान कॉम्पोझिट्समधल्या कामगारांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. मुंबईतले डॉ. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी ती केली होती. दीर्घकाळ काम केलेल्यांत दर पाचांत सुमारे एकाला ॲस्बेस्टॉसिस आढळला. त्यांनी हेही नोंदवले की, या रोगाला अनेकदा क्षय किंवा जुनाट खोकला ठरवले जाते. ते वाचताना मला मामांच्या उशाशी ठेवलेल्या क्षयाच्या गोळ्या आठवल्या.

आता खेड्यातले श्रोते म्हणतील, ही झाली कारखान्यांची कथा. आमचा काय संबंध? संबंध दोन प्रकारचा आहे.

पहिला, तुमच्या डोक्यावरचा पत्रा. गोठ्यावर, पडवीवर, कित्येक शाळांवर सिमेंटचे जुने पत्रे आहेत. त्यांत ॲस्बेस्टॉस सिमेंटने घट्ट धरून ठेवलेला असतो. पत्रा अभंग असेल तर घाबरून तो घाईने उतरवू नका. उतरवतानाच तंतू उडतात. धोका असतो तो कापताना, भोक पाडताना, घासताना आणि फोडताना. विजेच्या कटरने पत्रा कापू नये. अगदीच गरज पडली तर भरपूर पाणी मारून, हाताच्या अवजाराने, उघड्यावर, मुलांना दूर ठेवून काम करावे. वरचे शेवाळ तारेच्या ब्रशने कोरडे खरवडू नये. पडलेला भुगा झाडूने झाडू नये, ओल्या फडक्याने टिपावा. फुटके तुकडे अंगणात किंवा रस्त्यात भर म्हणून टाकू नयेत. तोंडाला नुसता रुमाल बांधून हे तंतू अडत नाहीत. आणि कामाचे कपडे झटकू नयेत, वेगळे भिजवून धुवावेत. १९६५ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मेसोथेलिओमाचे असे रोगी आढळले की, ज्यांनी या धंद्यात कधी काम केले नव्हते. कुणाच्या घरचे माणूस तिथे कामाला होते, तर कुणी नुसते कारखान्याजवळ राहत होते. आमची मामी गॅलरीत कपडे झटकायची, ते चित्र अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

दुसरा संबंध अधिक जवळचा आहे. मुलुंड, घाटकोपर, अंधेरीच्या कारखान्यांत आणि गॅरेजांत उमेद घालवलेली माणसे म्हातारपणी गावी परततात. रोग वर येतो तो तिथे, कोकणातल्या नाही तर घाटावरच्या एखाद्या वाडीत, जिथल्या डॉक्टरांना त्या माणसाचे पूर्वायुष्य ठाऊक नसते. तेव्हा शिक्षकांना माझी विनंती आहे. तुमच्या गावात असा दमलेला, खोकणारा निवृत्त कामगार असेल, तर त्याच्याजवळ बसा. कुठल्या कामावर होता, कोणत्या साली लागला, कोणत्या साली सुटला, हाताने नेमके काय करीत होता, धूळ किती असे, हवा कधी कुणी मोजली का, हे सगळे एका वहीत त्याच्या शब्दांत उतरून घ्या. ती वही घेऊन त्याला डॉक्टरांकडे पाठवा. जुनी हजेरीकार्डे, पगाराच्या चिठ्ठ्या, विम्याचे कागद फेकू देऊ नका. हवा तेव्हा मोजली गेली नाही. ती आता परत मोजता येणार नाही. पण वर्षे मोजता येतात, काम सांगता येते. निदानाला तेवढ्याचाही मोठा आधार होतो, आणि नुकसानभरपाई मागायची तर तेच हाती असते.

आणि ज्यांची मुले आज अशा कामांवर आहेत, त्यांनी मुलांना एवढेच विचारायला शिकवावे: "हवा मोजली का? कुणाच्या कॉलरला लावून मोजली? आकडा किती आला? तो मला लेखी द्या." हा प्रश्न विचारण्यात उद्धटपणा नाही. दुकानदाराला आपण काटा दाखव म्हणतो, तितकाच हा साधा व्यवहार आहे.

मामांच्या प्रश्नाचे उत्तर मला अजूनही देता येत नाही. त्यांच्यासारख्या दुसऱ्या कुणी आपल्या भाच्याला तोच प्रश्न विचारला, तर त्या भाच्याजवळ आकडा असावा, एवढ्यासाठी हे सगळे सांगितले.